एक सुट्टी, दोन जयंत्या

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जानेवारी महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात. त्या सुट्टीचे कारण राज्याच्या अधिकृत यादीत छापलेले आहे, आणि ते वाचताना प्रथम आमचा आमच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची जयंती, एवढेच कारण आम्ही अपेक्षिले होते. यादीत त्यांच्या नावाच्या जोडीला आणखी एक नाव होते, ते जनरल रॉबर्ट ई. ली यांचे. गुलामगिरी टिकविण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे जे सैन्य १८६१ ते १८६५ या काळात लढले, त्याचे हे सर्वांत नामांकित सेनापती. गुलामांच्या पणतवंडांना माणसाचे हक्क मिळवून देताना ज्याने प्राण दिले तो धर्मोपदेशक, आणि ती पणतवंडे गुलामच राहावीत अशा राज्यव्यवस्थेसाठी ज्याने तलवार उपसली तो सेनानी, या दोघांना या राज्याने एकाच दिवशी एकाच सुट्टीत बसविले आहे.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, ली यांचा १९ जानेवारी १८०७ चा. तिसरा सोमवार १५ ते २१ यांपैकी कोणत्याही तारखेला येतो. त्यामुळे एखाद्या वर्षी तो किंग यांच्या जन्मदिवशी पडतो, एखाद्या वर्षी नेमका ली यांच्या, आणि पुष्कळदा कोणाच्याच नाही. शिवजयंती तिथीने करावी की तारखेने, या वादात ज्यांची उमर गेली, आणि शेवटी सभागृह ज्या रविवारी मोकळे मिळेल त्या रविवारी ती साजरी करण्याचा सुज्ञ ठराव ज्यांनी पन्नास वर्षे पाळला, त्या आपल्या मंडळाच्या सभासदांना यात नवल वाटू नये. पण दोन परस्परविरोधी पुरुषांची जयंती एकत्र करण्याची युक्ती आपल्याला कधी सुचली नव्हती.

आम्ही उभयता मुलाकडे अटलांटा शहरी गेलो असता हा सोमवार आला. अटलांटा ही किंग यांची जन्मभूमी. त्यांचे जन्मघर, ज्या चर्चमध्ये त्यांनी व त्यांच्या वडिलांनी प्रवचने केली ते चर्च आणि त्यांची समाधी ही सारी तेथे एकाच वस्तीत आहेत. साहजिकच त्या दिवशी सारा लोंढा तिकडे असतो. आम्ही मात्र अलाबामाची राजधानी माँटगोमेरी येथे जायचे ठरविले. जयंती जन्मस्थळी पाहण्यापेक्षा कर्मस्थळी पाहावी, असा विचार. आणि ती यादी वाचल्यापासून मनाला लागलेला चाळाही त्यात होताच. अंतर सुमारे १६० मैलांचे. राज्याची सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. हा केवळ भूगोलाचा नियम आहे. त्यातून कोणी काही अर्थ काढू नये.

माँटगोमेरीच्या मध्यभागी एक कारंजे आहे. त्या चौकाला कोर्ट स्क्वेअर म्हणतात. इतका लहान आणि इतका भारलेला चौक आम्ही दुसरा पाहिलेला नाही. या परिसरात माणसांचा बाजार भरत असे. पुरुष, बायका आणि मुले यांचा लिलाव येथे होई. चौकाच्या कडेच्या एका जुन्या इमारतीतून १८६१ च्या एप्रिलमध्ये जी तार गेली, तिच्यामुळे सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. आणि याच चौकातील थांब्यावर १ डिसेंबर १९५५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, कामावरून सुटलेल्या रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. आज तेथे त्यांचा पूर्णाकृती पुतळा आहे. तो १ डिसेंबर २०१९ रोजी उभारण्यात आला. त्याला उंच चौथरा नाही. रोझाबाई जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पातळीवर उभ्या आहेत.

त्या चौकात आम्हांला जोतीराव फुले यांची आठवण झाली. त्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी कष्ट घेतले, त्यांना अर्पण केले आहे. पुण्यात बसून एका माणसाने सातासमुद्रापलीकडच्या या सत्कृत्याची दखल घेतली. पण ती घेतल्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतून केंद्राचे उरलेसुरले संरक्षण काढून घेण्यात आले. १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपविला. शाळा, दवाखाने, पाणी पिण्याचे नळ आणि बसमधील आसने वेगळी झाली. बेड्या तुटल्या होत्या, एवढेच.

रोझाबाईंविषयी जी गोष्ट मुलांना सांगतात, ती आम्हीही तशीच ऐकली होती : एक थकलेली शिवणकाम करणारी बाई गोऱ्यांच्या जागेवर बसली आणि उठली नाही. ती गोष्ट पुरती खरी नाही. त्या गोऱ्यांच्या जागेवर बसल्या नव्हत्या. त्यामागच्या, दोघांना मोकळ्या असलेल्या मधल्या भागात बसल्या होत्या. एका गोऱ्या उतारूला जागा व्हावी म्हणून त्या रांगेतील चौघांना उठविण्यात आले, कारण गोरा माणूस ज्या रांगेत बसेल त्या रांगेत काळ्याने बसायचे नाही, असा दंडक होता. तिघे उठले. त्या उठल्या नाहीत. वय बेचाळीस. आणि त्या कोणी अजाण बाई नव्हत्या. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक शाखेच्या त्या चिटणीस होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील एका शिबिराला जाऊन आल्या होत्या.

शिवाय त्या पहिल्याही नव्हत्या. त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कोल्विन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसून राहिली होती. पोलिसांनी तिला ओढून नेले. पुढे ज्या खटल्याने माँटगोमेरीच्या बसमधील भेदभाव कायमचा रद्द झाला, त्यात रोझाबाई वादी नव्हत्या. त्यात ही मुलगी, ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड आणि मेरी लुईझ स्मिथ या चौघी होत्या. कोल्विनबाईंच्या नावावरचा बालगुन्हेगारीचा शेरा न्यायालयाने पुसला तो २०२१ मध्ये, त्यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्या चौघींची नावे किती जणांना ठाऊक आहेत? आम्हांला तेथे जाईपर्यंत एकही ठाऊक नव्हते.

बहिष्काराची हाक किंग यांनी दिली, हीही तशीच एक सोयीची समजूत. अटकेच्या रात्री जो अॅन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिका आपल्या महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने त्यांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर रातोरात हजारो पत्रके काढली. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढाच त्यांचा आशय. या बाई स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. १९४९ साली बसमध्ये त्यांचा अपमान झाला होता आणि १९५४ च्या मे महिन्यात त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची पूर्वसूचनाही दिली होती. म्हणजे वात आधीच वळलेली होती. काडी तेवढी ओढायची होती. सोमवारी, ५ डिसेंबरला, बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्या दुपारी जी समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद शहरात जेमतेम वर्षभरापूर्वी आलेल्या सव्वीस वर्षांच्या धर्मोपदेशकाला मिळाले. नवखा असल्यामुळे त्याचे कोणाशी वैर नव्हते, हेही त्याच्या निवडीचे एक कारण सांगतात. संस्था चालविणाऱ्यांना हे कारण पटावे.

आरंभीच्या मागण्या पाहिल्या तर त्या किती माफक होत्या याचे आश्चर्य वाटते. भेदभाव नष्ट करा, असे त्यांत म्हटलेलेच नव्हते. चालकांनी सभ्यपणे बोलावे. काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून, जो आधी येईल त्याने आधी बसावे. काळ्या वस्तीतील मार्गांवर काही काळे चालक नेमावेत. एवढेच. तेवढेही नाकारले गेले, म्हणून लोक चालत राहिले. ते ३८१ दिवस चालले. आधी कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटांत, माणसे नेली. तर शहराने किमान भाडे पंचेचाळीस सेंट आहे असा नियम दाखविला. मग सुमारे तीनशे खाजगी मोटारी जमविण्यात आल्या. तर स्थानिक विमा कंपन्यांनी त्यांचे विमे रद्द केले आणि विमा लंडनहून उतरवावा लागला. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घराच्या ओसरीवर बाँब पडला. घरात पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी होती. साउथ जॅक्सन स्ट्रीटवरचे ते पांढरे बैठे घर आजही आहे आणि ओसरीवर त्या स्फोटाची खूण दाखवितात. ती खूण आपल्या हातात मावेल एवढीच आहे. आम्ही किती मोठी कल्पना केली होती!

शेवटचे आठवडे सर्वांत कठीण गेले असावेत. १३ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी दोन न्यायालयांतून दोन निकाल आले. अलाबामातील न्यायालयाने मोटारींची ती व्यवस्था बेकायदा ठरवून बंद पाडली आणि वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील भेदभावच बेकायदा ठरविला. पण सर्वोच्च न्यायालयाचा लेखी हुकूम माँटगोमेरीत पोहोचायला २० डिसेंबर उजाडला. जिंकलेली माणसे मधले पाच आठवडे बसविना आणि मोटारींविना पायी चालत होती.

बहिष्काराच्या याच वर्षात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणि बहिष्काराला एक वर्ष पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हा केवळ काळाचा योग म्हणावा. परंतु नागपूर आणि माँटगोमेरी यांना जोडणारा एक खराखुरा धागा आहे आणि तो महाराष्ट्रातही फारसा कोणाला ठाऊक नाही.

जेम्स लॉसन हे ओहायो राज्यातील कृष्णवर्णीय तरुण. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून त्यांनी तेरा महिने तुरुंगवास भोगला. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनतर्फे ते १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकवावयास आले. गांधींचा मार्ग गांधींच्या देशात राहून समजून घ्यावा, ही ओढ. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये बातमी वाचली की आपल्या देशात, माँटगोमेरी नावाच्या गावी, काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आहे. जे शिकण्यासाठी आपण इतक्या दूर आलो, ते घरीच सुरू झाले आहे, असे त्या बातमीने त्यांना सांगितले. १९५६ मध्ये ते परतले. १९५७ च्या फेब्रुवारीत ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात त्यांची व किंग यांची भेट झाली. दक्षिणेत अहिंसेची अशी जाण असलेला दुसरा माणूस नाही, तेव्हा अभ्यास पुरा होण्याची वाट न पाहता आताच या, असा आग्रह किंग यांनी धरला. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि तेथे त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. शिवी ऐकून गप्प कसे राहावे, मार बसत असता डोके कसे झाकावे, उलट हात कसा उगारू नये, हे त्या वर्गांत प्रत्यक्ष करवून घेत. १९६० मध्ये उपाहारगृहांत शांतपणे बसून राहणारे नॅशव्हिलचे विद्यार्थी याच वर्गांतून निघाले. त्यांतलाच एक जॉन लुईस. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी वारले. नागपूरच्या माणसाला माँटगोमेरीच्या त्या चौकात उभे राहिल्यावर परके वाटण्याचे कारण नाही.

चौकातून डेक्स्टर अॅव्हेन्यू हा रुंद रस्ता थेट टेकडीवरच्या विधानभवनाकडे चढतो. चालत दहा-पंधरा मिनिटे. विधानभवनाच्या अलीकडे, उजव्या हाताला, लाल विटांचे एक लहानसे चर्च आहे. किंग तेथे १९५४ पासून १९६० पर्यंत धर्मोपदेशक होते. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिले की विधानभवनाचा पांढरा घुमट समोर दिसतो. इतके जवळ, की राज्यपालांनी खिडकी उघडली असती तर प्रार्थनेचे सूर ऐकू आले असते. विधानभवनाच्या दर्शनी पायऱ्यांवर पितळेचा एक तारा बसविला आहे. फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी १८ फेब्रुवारी १८६१ रोजी तेथे शपथ घेतली. तीच जागा मुद्दाम निवडून १९६३ च्या जानेवारीत राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांनी वर्णभेद सदैव राहील असे गर्जून सांगितले. आणि २५ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावाहून ५४ मैल चालत आलेल्या मोर्चातील सुमारे पंचवीस हजार लोक मताधिकार मागत याच पायऱ्यांपुढे उभे राहिले. सेल्माच्या पुलावर त्याआधी, ७ मार्चला, पोलिसांनी मोर्चा झोडपला होता. आघाडीवर असलेल्या जॉन लुईस यांचे डोके फुटले, पण हात उगारला गेला नाही. नॅशव्हिलच्या वर्गात गिरविलेला तो धडा होता. मताधिकाराचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी झाला. पुलाला मात्र आजही एडमंड पेटस या दक्षिणी सेनापतीचेच नाव आहे.

त्या सोमवारी ताऱ्याजवळ आम्ही बराच वेळ बसलो. डाव्या हाताला डेव्हिस यांचा पुतळा, खाली रस्त्याकडेला ते लाल चर्च. सुट्टीच्या यादीत शेजारी शेजारी छापलेली ती दोन नावे येथे दगडविटांत समोरासमोर उभी होती. छापील यादीत ती गुण्यागोविंदाने नांदतात. येथे तसा भास होत नाही.

ही सुट्टीही कोणी सहजी दिलेली नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते तेथे गेले होते, आणि त्यांना बोलावणारे होते तेच जेम्स लॉसन. चारच दिवसांनी जॉन कॉनियर्स यांनी सुट्टीचे विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला पंधरा वर्षे लागली. १९७९ मध्ये पाच मतांनी बारगळले. अखेर १९ ऑक्टोबर १९८३ रोजी सिनेटने ते ७८ विरुद्ध २२ मतांनी संमत केले आणि २ नोव्हेंबरला अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ ची. पण केंद्राची सुट्टी राज्यांवर बंधनकारक नसते. दक्षिणेतील काही राज्यांत त्याच सुमारास ली यांच्या जयंतीची सुट्टी पूर्वीपासून होतीच. ती काढणे कठीण, नवी नाकारणे त्याहून कठीण. तेव्हा दोन्ही एकत्र केल्या. व्हर्जिनियाने २००० साली ही जोडी मोडली, आर्कान्सॉने २०१७ मध्ये. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी ती मोडलेली नाही. ही तडजोड आहे असे कोणी म्हणेल. आम्हांला ती तडजोड वाटत नाही. तडजोडीत दोन्ही पक्ष काही सोडतात. येथे एका पक्षाने फक्त जागा थोडी सरकवून घेतली आहे.

परंतु अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की गाव यादीपेक्षा पुढे गेले आहे. त्या चौघींचा खटला चालविणारे वकील फ्रेड ग्रे ज्या रस्त्यावर लहानाचे मोठे झाले, त्याचे नाव जेफर्सन डेव्हिस अॅव्हेन्यू होते. २०२१ मध्ये शहराने त्याला ग्रे यांचे नाव दिले. जुनी स्मारकनामे बदलण्यास मनाई करणारा कायदा राज्याने २०१७ मध्ये केला होता. त्यानुसार शहराकडे २५,००० डॉलर दंडाची मागणी झाली. पाटी बदलली ती बदललीच.

परतीच्या आधी आम्ही डेरिकोट स्ट्रीटवरच्या एका साध्या घरापुढे थांबलो. हे जॉर्जिया गिल्मोर यांचे घर. बाई एका जेवणगृहात स्वयंपाकी होत्या. बहिष्कार सुरू झाला तेव्हा त्यांनी शेजारणी जमविल्या. कोणी केक करी, कोणी पाय, कोणी तळलेल्या कोंबडीचे सँडविच, आणि ते विकून आलेला पैसा मोटारींच्या पेट्रोलला जाई. पैसा कोठून आला असे विचारले तर कोठूनच नाही असे सांगता यावे, म्हणून मंडळाचे नावच त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ ठेवले होते, म्हणजे कोठलेच नसलेले मंडळ. सोमवारच्या सभेत बाई उठून जमा झालेली रक्कम सांगत आणि सभा पायांनी ताल धरी. १९५६ च्या मार्चमध्ये किंग यांच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि नोकरी गमावली. मग किंग यांच्याच प्रोत्साहनाने त्या घरीच जेवण करून घालू लागल्या. त्यांच्या टेबलाशी काळेगोरे शेजारी बसून जेवत. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात पडद्यामागे दीडशे माणसांची पुरणपोळी लाटणाऱ्या भगिनींना या बाईंची ओळख आम्ही अधिक करून द्यावी, असे नाही.

१९९० च्या मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणार्थ पुन्हा मोर्चा निघायचा होता आणि त्यात येणाऱ्यांसाठी गिल्मोरबाई पहाटेपासून कोंबडी आणि मॅकरोनी रांधत होत्या. त्यातच त्यांना मरण आले. घरच्यांनी ते अन्न टाकले नाही. भेटीला आलेल्या माणसांना तेच वाढले.